मोनेरो, झीकॅश आणि आर्थिक खासगीपणा: पायरी-पायरीने काय करायचं

बिटकॉइन निनावी आहे हा समज अजूनही पुष्कळांच्या डोक्यातून गेलेला नाही. म्हणून आधी एक साधा व्यवहार जवळून बघू.

समजा तुमच्या वॉलेटमध्ये ०.८ बिटकॉइन आहेत आणि ते एकाच वेळी, एकाच व्यवहारातून आलेले आहेत. तुम्ही एका विक्रेत्याला ०.०३ देता. त्या ०.८ मधून हवा तेवढा तुकडा तोडून देता येत नाही. सगळेच्या सगळे ०.८ खर्ची पडतात, ०.०३ विक्रेत्याकडे जातात आणि शुल्क वजा होऊन उरलेले साधारण ०.७७ तुमच्याच वॉलेटच्या एका नव्या पत्त्यावर परत येतात. विक्रेता कुठलाही ब्लॉक एक्स्प्लोरर, म्हणजे सगळे व्यवहार दाखवणारं संकेतस्थळ, उघडतो. समोर दोन आकडे. एक त्याचा, म्हणजे दुसरा बहुतेक तुमचा. किरकोळ खरेदी करायला गेलात आणि शिल्लक सांगून आलात. त्या दुसऱ्या पत्त्यावर त्याने टिचकी मारली की पैसे पुढे कुठे गेले तेही कळतं. आज नाही बघितलं तर पाच वर्षांनी बघता येईल, कारण ती नोंद कधीच पुसली जात नाही.

माग काढणाऱ्या कंपन्यांची बरीचशी भिस्त अशाच दोन खुणांवर असते. एक म्हणजे परत आलेल्या पैशांचा पत्ता ओळखणं. दुसरी म्हणजे एकाच व्यवहारात अनेक पत्त्यांवरचे पैसे एकत्र खर्च झाले असतील तर ते सगळे पत्ते एकाच मालकाचे धरणं. कॅलिफोर्निया विद्यापीठ, सॅन दिएगो आणि जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये याच खुणा वापरून पत्त्यांचे मोठाले गठ्ठे बांधले आणि त्यातले कुठले कोणत्या एक्स्चेंजचे (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजाराचे), कोणत्या सेवेचे हे दाखवून दिलं. त्यानंतर हा धंदाच उभा राहिला.

मोनेरो आणि झीकॅश ही क्रिप्टो नाणी या खुणा मुळातून घालवण्यासाठी बनली. त्यांचं गणित भक्कम आहे, पण खासगीपणा फुटतो तो बहुतेक वेळा काठांवर: पैसे आत येताना, बाहेर जाताना आणि वापरणाऱ्याच्या सवयींमध्ये. म्हणून या लेखातला जास्त भाग गणितापेक्षा काठांवर आहे.

पहिली पायरी: कोणापासून काय झाकायचंय?

हे ठरवल्याशिवाय वॉलेट उतरवून (डाउनलोड करून) घेऊ नका. माझ्या अंदाजाने बहुतेकांची गरज साधी असते. ग्राहकाला आपली शिल्लक दिसू नये. विक्रेत्याला आपला पगार कळू नये. नातेवाइकांनी आपण कुठल्या संस्थेला देणगी दिली ते खोदू नये. आणि आपल्याकडे क्रिप्टो आहे हे चोराला कळू नये.

शेवटची भीती काल्पनिक नाही. हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची माहिती २०२० मध्ये चोरीला गेली आणि सुमारे २,७०,००० लोकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर उघड्यावर आले. पुढे त्यातल्या काहींच्या घरी टपालाने बनावट उपकरणं पोचली. २०२५ च्या मे महिन्यात कॉइनबेस या एक्स्चेंजने जाहीर केलं की लाच घेतलेल्या ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांकरवी सुमारे ६९,००० ग्राहकांची माहिती बाहेर गेली. घरचा पत्ता एका यादीत आणि शिल्लक उघड्या ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीत, असेल, तर दोन्ही जोडायला वेळ लागत नाही.

करखात्यापासून लपायचं असेल तर हा लेख कामाचा नाही. तुम्ही किती खरेदी केली हे एक्स्चेंजला माहीत असतं, आणि बऱ्याच देशांत त्यांना ते कळवावंच लागतं. शेजाऱ्याला बँकेचं पासबुक न दाखवणं आणि विवरणपत्रात खोटं लिहिणं यात जो फरक आहे, तोच इथेही आहे.

दुसरी पायरी: नाणं निवडा

मोनेरो एप्रिल २०१४ मध्ये सुरू झालं. त्यात खासगीपणा सगळ्यांना सक्तीचा आहे, आणि हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. कोणी 'खासगी' बटण दाबलं म्हणून वेगळा उठून दिसत नाही. तीन गोष्टी झाकल्या जातात. पाठवणारा रिंग सिग्नेचरमागे लपतो: तुमच्या खऱ्या आउटपुटबरोबर (आउटपुट म्हणजे आधीच्या व्यवहारातून आलेला पैशांचा एक तुकडा) ब्लॉकचेनवरची १५ इतरांची आउटपुट गोवली जातात आणि या १६ पैकी खरं कोणतं ते बाहेरच्याला सांगता येत नाही. हा १६ चा आकडा ऑगस्ट २०२२ पासूनचा, त्याआधी तो ११ होता. घेणाऱ्यासाठी प्रत्येक व्यवहारात एकदाच वापरायचा नवा पत्ता तयार होतो, त्यामुळे तुम्ही दिलेला पत्ता ब्लॉकचेनवर कुठेच सापडत नाही. रक्कम रिंगसीटी या पद्धतीने झाकली जाते. ती जानेवारी २०१७ मध्ये आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून सक्तीची झाली.

बाहेर काय उरतं? शुल्क, वेळ आणि व्यवहारात किती आउटपुट आत गेली, किती बाहेर आली. एक्स्प्लोररमध्ये मोनेरोचा व्यवहार उघडलात की एवढंच दिसतं. रकमेच्या जागी काहीच कळत नाही.

रिंग म्हणजे संभाव्यतेचा खेळ आहे हेही लक्षात असू द्या. सुरुवातीच्या काळात सोबतीला एकही आउटपुट न घेता व्यवहार करायची मुभा होती. त्यामुळे जुन्या व्यवहारांचा मोठा हिस्सा उलगडता येतो असं २०१७ च्या सुमारास संशोधकांनी दाखवलं. ती पळवाट तोवर बंद झालेली होती. रिंगऐवजी आख्ख्या साखळीतल्या (ब्लॉकचेनवरच्या) आउटपुटांमागे लपवणाऱ्या नव्या पद्धतीवर मोनेरोचे विकासक काम करत आहेत.

झीकॅशचा जन्म २८ ऑक्टोबर २०१६ चा. यात झीके-स्नार्क नावाचे शून्यज्ञान पुरावे वापरतात. व्यवहार नियमाप्रमाणे झाला एवढंच सिद्ध होतं. कोणी, कोणाला, किती यातलं काही उघड होत नाही. इथे लपायला १५ जणांची सोबत नसून झाकलेल्या पैशांच्या सगळ्या सामायिक साठ्याची असते, म्हणून निव्वळ गणिताच्या हिशोबाने झीकॅश मोनेरोच्या पुढे आहे. मे २०२२ मधल्या ऑर्चर्ड सुधारणेनंतर, नाणं सुरू करताना मोजक्या लोकांनी केलेल्या गुप्त मांडणीत कोणी लबाडी केली असेल तर काय, ही जुनी शंकाही त्या साठ्यापुरती मिटली.

मग अडतं कुठे? झीकॅशमध्ये उघडे पत्तेही आहेत आणि झाकणं ऐच्छिक आहे. अनेक जण उघड्या पत्त्यावरून रक्कम झाकलेल्या साठ्यात टाकतात आणि थोड्या वेळाने जवळपास तेवढीच रक्कम दुसऱ्या उघड्या पत्त्यावर काढून घेतात. ७.३१४ आत गेले, तासाभरात ७.३१३ बाहेर आले, तर मध्ये कितीही उच्च गणित असलं तरी काय उपयोग? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशाच साध्या निरीक्षणांवरून लपण्याचा संच (ज्या गर्दीत व्यवहार लपतो ती) ६९ टक्क्यांनी लहान करून दाखवला होता.

माझं मत विचाराल तर रोजच्या देण्याघेण्याला मोनेरो. समोरचाही झाकलेला पत्ता वापरणारा असेल तर झीकॅश, आणि तेव्हा पैसे झाकलेल्या साठ्यातच राहू द्यायचे. लाइटकॉइनला मे २०२२ मध्ये मिळालेली एमडब्ल्यूईबी सोय रक्कम झाकते, पण तीही ऐच्छिक आहे. डॅश या नाण्यातलं, अनेकांचे पैसे एकत्र घुसळणारं मिश्रण या कामाला मी धरत नाही. पुढच्या पायऱ्या मोनेरोच्या आहेत.

तिसरी पायरी: तुमच्याकडचे नियम

जपानमधल्या एक्स्चेंजनी २०१८ मध्येच अशी खासगी नाणी काढून टाकली. दुबईच्या नियामकाने २०२३ मध्ये त्यांना मनाई केली. बायनान्स या एक्स्चेंजने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरो बंद केलं. युरोपीय संघात १० जुलै २०२७ पासून क्रिप्टो सेवा देणाऱ्यांना अशी नाणी हाताळता येणार नाहीत. तो नियम सेवा देणाऱ्यांना आहे, स्वतःच्या वॉलेटला नाही. एक्स्चेंजवर न मिळणं आणि बाळगणं बेकायदा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत; तुमच्या देशात यातलं काय लागू आहे ते पैसे घालण्याआधी बघा.

चौथी पायरी: वॉलेट उतरवा, आणि तपासा

संगणकासाठी मोनेरोचं अधिकृत जीयूआय वॉलेट किंवा हलकंफुलकं फेदर. मोबाइलसाठी केक वॉलेट, अँड्रॉइडवर मोनेरुजोही आहे. चारही मुक्त स्रोत आहेत. शोधयंत्रात नाव टाकून वर आलेल्या जाहिरातीवर टिचकी मारू नका. हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळं तिथेच बसलेली असतात.

उतरवलेली फाइल तपासायची ही पायरी लोक हमखास गाळतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोनेरोच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काही काळ पैसे चोरणारं वॉलेट उतरत होतं. पत्ता बरोबर, संकेतस्थळ खरं, फाइल मात्र बदललेली. एका वापरकर्त्याने उतरवलेल्या फाइलचा हॅश (फाइलमधून गणिताने निघणारा ठसा) जाहीर केलेल्या हॅशशी ताडून बघितला, तो जुळेना, तेव्हा हा प्रकार उघडकीला आला. तपासणारे वाचले.

तपासायची रीत अशी. वॉलेटच्या फाइलबरोबर हॅशची यादीही उतरवा. यादीवर विकासकाची पीजीपी सही (एक प्रकारची डिजिटल सही) असते, ती आधी पडताळा. नाहीतर फाइल बदलणारा यादीही बदलू शकतो. मग आपल्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींमध्ये त्याची आज्ञा आधीपासून असते. आलेली अक्षरं यादीतल्या अक्षरांशी शेवटपर्यंत जुळवा. नुसती पहिली चार-पाच बघून सोडू नका.

आता नवं वॉलेट तयार करा. ते तुम्हाला सीड म्हणजे शब्दांची एक ओळ देईल. पारंपरिक मोनेरो सीड २५ शब्दांचा असतो आणि त्यातला शेवटचा शब्द आधीचे २४ बरोबर उतरलेत की नाही हे तपासण्यासाठी असतो. फेदर आता १६ शब्दांचा पॉलीसीड देतं, त्यात वॉलेट कधी बनवलं तेही गुंफलेलं असतं. २५ शब्दांचा सीड असेल तर त्याच्याखाली वॉलेट बनवल्याची तारीख किंवा ब्लॉक क्रमांक लिहून ठेवा. पुढे वॉलेट परत उभं करताना तिथूनच साखळी चाळायला सांगता येतं, नाहीतर २०१४ पासूनचे सगळे ब्लॉक चाळत बसावं लागतं.

सीड कागदावर. फोटो नको, ईमेलचा मसुदा नको, क्लाउड तर नकोच. आणि मोठी रक्कम टाकण्याआधी एकदा वॉलेट पुसून सीडवरून परत उभं करून बघा. हाताने लिहिलेला एखादा शब्द आपल्यालाच वाचता येत नाही, हे वॉलेट रिकामं असतानाच कळलेलं बरं.

पाचवी पायरी: नोड

साखळी वाचायला वॉलेटला एक नोड, म्हणजे साखळीची प्रत ठेवून जाळ्याशी जोडलेला संगणक, लागतो. बहुतेक वॉलेट कोणा दुसऱ्याच्या नोडला जोडतात. त्या नोडच्या मालकाला तुमची शिल्लक दिसत नाही, पण तुमचा आयपी पत्ता दिसतो आणि तुम्ही व्यवहार कधी पाठवलात तेही. टॉरमधून, म्हणजे आयपी लपवणाऱ्या जाळ्यातून, जोडलंत तर आयपीचा प्रश्न सुटतो. फेदरमध्ये टॉर सोबतच येतं.

स्वतःचा नोड चालवणं उत्तम. पूर्ण साखळीला २०० जीबीपेक्षा जास्त जागा लागते, काही तपशील गाळून छाटलेल्या नोडला साधारण त्याचा तिसरा हिस्सा. एखादा जुना लॅपटॉप आणि एसएसडी पुरते. साधी हार्ड डिस्क असेल तर पहिली जुळणी इतकी रेंगाळते की नाद सोडावासा वाटेल.

वॉलेटचा सर्व्हर तुमची व्ह्यू की (पैसे बघता येतील पण खर्चता येणार नाहीत अशी चावी) मागत असेल तर मात्र सावध. व्ह्यू की मिळाली की तुमच्याकडे आलेली प्रत्येक रक्कम त्या सर्व्हरला वाचता येते.

सहावी पायरी: पैसे आत आणणं

हा पहिला काठ. सरळ मार्ग म्हणजे ओळख पटवलेल्या एक्स्चेंजवर मोनेरो घ्या आणि लगेच स्वतःच्या वॉलेटमध्ये काढा. एक्स्चेंजला कळेल की तुम्ही अमुक तारखेला इतकं घेतलंत आणि बाहेर नेलंत. त्यापुढचं ब्लॉकचेनवरून दिसणार नाही. पहिल्या पायरीत मांडलेल्या गरजांना एवढं पुरतं. पैसे एक्स्चेंजवरच ठेवलेत तर खासगीपणाही नाही आणि चावीही नाही.

एक्स्चेंजवर मिळत नसेल तर लोक बिटकॉइन घेऊन अदलाबदल सेवेतून मोनेरो करतात. खाती न उघडणाऱ्या या सेवांच्या जाहिराती गोड असतात, पण संशय आला की यातल्या काही सेवा पैसे अडकवून ओळखपत्र मागतात. अटी आधी वाचा, पहिल्यांदा थोडीच रक्कम पाठवा. मध्यस्थ नको असेल तर २०२१ पासून बिटकॉइन-मोनेरो अॅटॉमिक स्वॅपही (दोघांमध्ये थेट अदलाबदल) करता येतात. ते थोडे किचकट आहेत, पण पैसे कोणाच्या ताब्यात देत नाहीत. बिटकॉइनच्या बाजूची नोंद मात्र कायम उघडी राहते.

आत आलेले पैसे तसेच्या तसे पुढे पाठवू नका. एक्स्चेंजवरून ३.४७२ काढले आणि अर्ध्या तासात दुसऱ्या एक्स्चेंजवर ३.४७१ जमा केले, तर दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या की काम झालं. मोनेरो जिथे मुक्काम करतं तिथे ते खासगी असतं. नुसतं वाटेवरचं स्टेशन म्हणून वापरलंत तर फारसं हाती लागत नाही.

सातवी पायरी: पैसे घेणं

मुख्य पत्ता ४ ने सुरू होतो, ९५ अक्षरांचा असतो. तो कोणालाच द्यायची गरज नाही. 'रिसीव्ह'मध्ये जाऊन दर माणसाला, दर ग्राहकाला नवा सबअॅड्रेस द्या. तो ८ ने सुरू होतो. वॉलेट तो फुकट आणि हवे तितके बनवतं, आणि त्याच्यापुढे 'ग्राहक क', 'देणगी' अशी खूण करता येते. ब्लॉकचेन बघून दोन सबअॅड्रेस एकाच मालकाचे आहेत हे सांगता येत नाही. उलट एकच पत्ता दोन जणांना दिलात तर ते दोघं आपसात बोलले की कळलंच.

कामाचे आणि घरचे पैसे वेगळ्या अकाउंटमध्ये ठेवा. एकाच सीडखाली अनेक अकाउंट बनतात. वॉलेट खर्च करताना एका अकाउंटमधली आउटपुट एकत्र करतं, दोन अकाउंटमधली मिसळत नाही.

ही मिसळ महत्त्वाची का? एकाच माणसाने तुम्हाला दहा वेळा पैसे पाठवले असतील तर ती दहा आउटपुट त्याला ओळखता येतात. तुम्ही ती सगळी एका फटक्यात खर्च केलीत तर एका व्यवहारातल्या दहा रिंगांमध्ये त्याला आपलंच एकेक आउटपुट दिसेल. एका रिंगमध्ये दिसणं योगायोग असू शकतो, दहांमध्ये नाही. आणि पैसे घेणारा त्याच्या ओळखीचा असेल, तर दोन टोकं जुळली. फेदरमध्ये कोणतं आउटपुट खर्चायचं ते हाताने निवडता येतं. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याचे पैसे तुकड्यातुकड्याने, दिवस मध्ये टाकून खर्चा.

आठवी पायरी: पैसे देणं

पहिल्यांदा वापरणारे एका गोष्टीला हमखास अडखळतात. आलेली किंवा परत आलेली रक्कम १० ब्लॉक कुलूपबंद राहते. दोन मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे सुमारे २० मिनिटं. वॉलेटमध्ये एकच मोठं आउटपुट असेल आणि त्यातून एकदा पैसे दिलेत, तर पुढची वीस मिनिटं शिल्लक दिसते पण खर्चता येत नाही. लागोपाठ दोन बिलं भरायची असतील तर आदल्या दिवशी स्वतःलाच चार-पाच भागांत पैसे पाठवून ठेवा. शुल्क नगण्य असतं.

पत्ता डकवल्यावर सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरं पुन्हा बघा. क्लिपबोर्डवरचा पत्ता बदलणारे व्हायरस मोनेरोलाही सोडत नाहीत. आणि घरपोच वस्तू मागवत असाल तर विक्रेत्याला तुमचं नाव आणि पत्ता तुम्हीच देत आहात, याचं भान असू द्या. नाणं तुमची शिल्लक आणि मागचापुढचा व्यवहार झाकेल. पार्सलवरचं नाव ते झाकू शकत नाही. व्यवहाराचा स्क्रीनशॉट समाजमाध्यमावर टाकणाऱ्यांना तर कुठलंच नाणं वाचवू शकत नाही.

नववी पायरी: पुरावा आणि हिशोब

खासगी नाण्यात 'मी पैसे दिले' हे सिद्ध कसं करणार? विक्रेता म्हणाला मिळालेच नाहीत, तर एक्स्प्लोररचा दुवा कामाचा नाही. प्रत्येक पाठवलेल्या व्यवहाराची एक ट्रान्झॅक्शन की वॉलेटमध्ये साठते. व्यवहार क्रमांक, ती की आणि घेणाऱ्याचा पत्ता हे तिन्ही दिले की कोणालाही त्या एका व्यवहाराची रक्कम पडताळता येते, बाकीचं काही न दिसता. अधिकृत वॉलेटमध्ये यासाठी 'प्रूव्ह/चेक' असा वेगळा भाग आहे.

हिशोब तपासनिसाला दाखवायची वेळ आली तर व्ह्यू की देता येते. तिने फक्त आलेले पैसे दिसतात. गेलेले दाखवायचे असतील तर वॉलेटमधून की इमेज (कोणतं आउटपुट खर्च झालं ते ओळखायच्या खुणा) काढून सोबत द्याव्या लागतात, नाहीतर तुमची शिल्लक खऱ्यापेक्षा जास्त दिसेल. व्ह्यू की एकदा दिली की परत घेता येत नाही, म्हणून हिशोब दाखवायचं अकाउंट असलेलं वॉलेट मुळातच वेगळ्या सीडवर ठेवा.

आणि ट्रान्झॅक्शन की सीडमधून परत येत नाही. वॉलेटची फाइल गेली आणि सीडवरून उभं केलंत तर पैसे सगळे येतील, पण तुम्ही कोणाला पाठवले होते ते पत्ते, त्यांचे पुरावे आणि तुम्ही लिहिलेल्या खुणा येणार नाहीत. म्हणून वॉलेटच्या फाइलचीही सांकेतिक (एन्क्रिप्टेड) प्रत ठेवा. शिवाय एक वही करा: तारीख, रक्कम, त्या दिवसाचा भाव, कोणाला किंवा कोणाकडून, व्यवहार क्रमांक, ट्रान्झॅक्शन की. कर भरताना भाव लागतोच, आणि ब्लॉकचेन तो हिशोब तुमच्यासाठी ठेवणार नाही. ही वही पासवर्ड लावलेल्या सांकेतिक फाइलमध्ये, सीडपासून वेगळ्या जागी असू द्या. इतकं सगळं झाकल्यावर तुमचे सगळे व्यवहार एकत्र वाचता येतील अशी जागा तेवढी एकच उरते.